घरात कुणाला झालं होतं का?

नारायण पेठेतल्या आपल्या दवाखान्यात डॉ. तनुजा आगाशे नव्या पेशंटला प्रश्न विचारायला बसल्या की एकही प्रश्न गाळत नसत, आणि उत्तर लांबायला लागलं की चष्म्यावरून नुसत्या बघत. उत्कर्षाला तिसरा महिना लागला होता. वय छत्तीस, पहिलीच खेप. नवरा पृथ्वीराज ऑफिसच्या कामासाठी चेन्नईला गेलेला, म्हणून तिच्या सोबतीला सासू कुसुम शिवण्याहून आली होती. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"शुगर? किडनीचा काही त्रास? आधीपासून बीपी?"

"नाही."

"जुळं नाही, ते सोनोग्राफीत दिसलंच. वजन थोडं जास्त आहे, ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपी वाढलं होतं?"

"आईला फोन करून विचारलं मी. नव्हतं. बहीण नाही मला," उत्कर्षा म्हणाली. तिचं माहेर यवतमाळचं, पण पुण्यात आयटीत नोकरी करून आता बारा-तेरा वर्षं झाली होती.

"आणि सासूबाई, तुमच्या वेळी?"

कुसुम दचकली. आपल्याला कुणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं. "माझं? न्हाई बया. माझं समदं चांगलं झालं."

"नवऱ्याच्या आईला झालेलं असलं तरी थोडा फरक पडतो, म्हणून विचारलं," असं म्हणून डॉक्टर उत्कर्षाकडे वळल्या. "पहिली खेप आणि पस्तिशीच्या पुढचं वय, एवढ्यावरही मी डोळा ठेवणारच आहे. हे बीपी बहुतेक पाचव्या महिन्यानंतर वाढतं, आणि वाढलंय हे बाईला कळतही नाही. डोकं दुखून थांबेना, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, बरगडीखाली दुखायला लागलं, चेहरा आणि हात एकदम सुजले, तर मला फोन करायचा. मला. गुगलला नाही. दुर्लक्ष केलं तर झटके येऊ शकतात."

"झटके म्हणजे?"

"फिट्स. दातखीळ बसते, अंग ताठतं, शुद्ध जाते. घाबरवत नाहीये. वेळेवर आलात तर तिथपर्यंत जाऊ देत नाही आम्ही."

उत्कर्षा मान डोलावून ऐकत होती. कुसुमच्या हातातली पिशवी मात्र घट्ट आवळली गेली होती.

बाहेर आल्यावर दोघी रिक्षात बसल्या. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा कुसुमने विचारलं, "ते झटके म्हणाल्या त्या, ते बीपीनं येत्यात? फकस्त बीपीनं?"

"हो, गरोदरपणातले. का हो आई?"

"काय न्हाई. इचारलं आपलं."

*

कुसुम लग्न होऊन शिवण्याला आली तेव्हा ते गाव होतं. आता तिथे बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत आणि पत्त्यात पुणे लिहितात. तेव्हा नदीकाठाला भात आणि ऊस होता, घरात सासू होती, नवरा आप्पासाहेब होते आणि त्यांची थोरली बहीण आनंदीबाई होती. आनंदीआक्काचं सासर गावातच, त्यामुळे ती सकाळ-संध्याकाळ इथेच असायची.

विसाव्या वर्षी कुसुमला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिचे हात एवढे सुजले की बांगड्या मागेपुढे होईनात. तोंड सुजलं. डोकं असं दुखायचं की ती न्हाणीत जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची. आक्का म्हणाली, "पोरगा असणार. पोरगा जड जातो." सासू म्हणाली, "आम्ही काय पोरं काढली न्हाईत?" एका सकाळी भाकरी थापताना कुसुमच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. पुढचं तिला आठवत नव्हतं. जे होतं ते सगळं लोकांनी सांगितलेलं. ती चुलीपाशी आडवी झाली, दातखीळ बसली, हातपाय झाडले. देवऋषी आला. लिंबू उतरवलं, अंगारा लावला. दुपारी पुन्हा झटका आला, तेव्हा शेजारच्यांची जीप मिळाली आणि तिला ससूनला नेलं.

शुद्ध आली तेव्हा पोट रिकामं होतं. कापसात गुंडाळलेलं एवढंसं पोर कुठेतरी आत पेटीत होतं. ते जगलं. तोच पृथ्वीराज.

कुसुमही जगली, पण घरी परतली ती दुसरीच कुणीतरी होऊन. 'हिला फेफरं येतं' हे गावभर झालं होतं. कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे माहेरच्यांनी रोग लपवून पोरगी दिली. तिला एकटीने विहिरीवर जायची बंदी झाली. चुलीपाशी एकटी बसायची बंदी झाली. पोराला घेऊन जिना चढायची बंदी झाली. दुसरं मूल नको, हेही सासूनेच ठरवलं. लग्नाकार्यात बायका तिच्याभोवती थोडी जागा सोडून बसत, म्हणजे ती पडलीच तर कुणाच्या अंगावर नको.

त्या दिवसानंतर कुसुमला आयुष्यात पुन्हा एकदाही झटका आला नाही. पण ते कुणी मोजलं नाही. न येणाऱ्या गोष्टीकडे कोण लक्ष देतं? पृथ्वीराज आणि उत्कर्षाचं ऑफिसात जमलं, यवतमाळची माणसं बोलणी करायला आली, तेव्हा आक्काने तिला आत बोलावून बजावलं होतं, "ह्यातला चकार शब्द त्यांच्या कानावर जाता कामा नये." तो गेला नाही. दवाखान्यातही तिच्या तोंडून जे निघालं ते त्याच सवयीने.

*

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिवण्याच्या घरी आप्पासाहेब गच्चीवर चहा घेत पेपर वाचत होते. कुसुम समोर येऊन बसली. एरवी ती असं बसत नसे.

"मी त्या डॉक्टरबाईंना सांगणार हाय," ती म्हणाली. "माझ्या बाळंतपणात काय झालं ते. त्या म्हणत व्हत्या, असे झटके बीपीनं येत्यात. माझं बी तेच असंल."

आप्पासाहेबांनी पान उलटलं. "सांग की. ससूनमधला डाक्टर तेच म्हणला व्हता."

"काय म्हणला व्हता?"

"हेच. बाळंतपणातलं बीपी. फेफरं न्हाई, बाहेरचं न्हाई, म्हणला. पुन्हा दिवस गेले तर पैल्यापासून दवाखान्यात आणा, म्हणला."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो थांबल्यावर कुसुमने विचारलं.

"तुम्हाला म्हाईत व्हतं?"

आता आप्पासाहेबांनी पेपर खाली ठेवला. आपण काय बोलून गेलो ते बहुधा त्यांना तेव्हाच कळलं. "अगं, आईपुढं कोण बोलणार व्हतं तवा? आन् पुढं मग... राहूनच गेलं."

कुसुम उठली. भांडावं, ओरडावं, कप फेकावा, यातलं काहीच तिला सुचलं नाही. तिने खाली येऊन दोन पातळं आणि चष्मा पिशवीत भरला आणि मुलगा-सून राहत होते तिकडची, कोथरूडची बस धरली. बसमध्ये तिला जागा मिळाली नाही. दांडीला धरून उभ्या उभ्या तिच्या मनात एकच शब्द फिरत होता. राहून गेलं. दळण आणायचं राहून जातं. गॅसचा नंबर लावायचा राहून जातो.

*

उत्कर्षा त्या दिवशी घरूनच काम करत होती. दार उघडलं तेव्हा तिच्या कानात हेडफोन होता. सासूचा चेहरा बघून तिने "आय विल जॉइन बॅक" असं काहीतरी म्हणून तो काढून ठेवला.

कुसुमने सोफ्यावर टेकायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. बांगड्या, डोकं, काजवे, लिंबू, जीप. सकाळी गच्चीवर झालेलं बोलणंही सांगितलं. उत्कर्षा ऐकत राहिली आणि मग तिने जे विचारलं त्याची कुसुमला अपेक्षा नव्हती.

"काल दवाखान्यात का नाही बोललात, आई?"

आवाजात राग होता. कुसुमला तो आवडला. इतक्या वर्षांत या गोष्टीवर तिची कीव झाली होती, थट्टा झाली होती, कुजबुज झाली होती. सरळ जाब कुणी विचारला नव्हता.

"भ्या वाटलं. तू काय म्हणशील, तुझे आईवडील काय म्हणतील."

उत्कर्षा सासूच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मला भीती वाटतेय आता. पण सांगितलंत ते बरं झालं. थांबा, डॉक्टरांना फोन लावते."

पृथ्वीराज त्या संध्याकाळी चेन्नईहून परतला. बायकोने त्याला दारातच सगळं सांगितलं. तो बूटही न काढता आईसमोर उभा राहिला.

"आई, मी शाळेत दप्तरात कांदा ठेवायचो."

"कांदा? कशाला?"

"तू गॅदरिंगला यायचीस ना. आक्काआत्यानं सांगितलं होतं, आई पडली की कांदा फोडून नाकाला लावायचा. मी नाटकात स्टेजवर उभा असायचो आणि सगळा वेळ तुझ्याकडे बघत असायचो, पडतेय का म्हणून. डायलॉग विसरायचो."

कुसुमला ती गॅदरिंगं आठवत होती. पोरगा आपल्याकडे एकटक बघतोय म्हणून ती पहिल्या रांगेत बसून सुखावत असे. तिने मुलाचा हात धरला आणि खाली बसवलं. उत्कर्षाने येऊन चहा ठेवला आणि ती आत गेली.

*

"मागच्या वेळी 'समदं चांगलं झालं' म्हणालात," डॉ. आगाशे म्हणाल्या. "वाईट झालं असतं तर काय सांगितलं असतंत, देव जाणे."

पृथ्वीराज हसला. कुसुमने मान खाली घातली. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आवाज उतरवला.

"सासूबाई, इकडे बघा. तुम्हाला झालं त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. बीपी वाढून वाढून मेंदूला त्रास होतो आणि झटके येतात. बाळ बाहेर आलं, बीपी उतरलं, की ते थांबतात. तुमचे थांबले. फेफऱ्याशी याचा संबंध नाही."

"मग माझं चुकलं काय व्हतं? चंद्राला गिराण लागलेलं असताना मी इळी घेतली व्हती हातात, असं म्हणायची आक्का."

"काही चुकलं नव्हतं. वय विशीचं, पहिलं बाळंतपण. पहिल्या खेपेला हे जास्त होतं. कुणाला का होतं आणि कुणाला का नाही, ते आम्हालाही पूर्ण माहीत नाही. बीपी मोजायला कुणी नव्हतं, एवढंच काय ते चुकलं. आणि ते तुमचं नाही."

कुसुमने पदराने तोंड पुसलं. डॉक्टरांनी तिला सावरायला थोडा वेळ दिला, म्हणजे उत्कर्षाशी बोलायला सुरुवात केली. वय, पहिली खेप, वजन आणि आता नवऱ्याच्या आईची हकीकत, एवढं एकत्र धरून त्या रोज रात्री घ्यायची अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करणार होत्या. धोका कमी होतो, जात नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. घरी बीपीचं मशीन आणायचं. मीठ एकदम बंद करायचा वेडेपणा करायचा नाही, पण लोणची-पापड आवरायचे. यवतमाळच्या आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या शेवटीच येऊ शकणार होत्या, तेव्हा तोवर घरात कुणीतरी हवं.

"मी ऱ्हाते," कुसुम म्हणाली.

"राहा. आणि जरा हात पुढे करा."

डॉक्टरांनी कुसुमचं बीपी मोजलं. मग दुसऱ्या हाताचं मोजलं. "शेवटचं कधी बघितलं होतं?"

"बघितलं न्हाई कधी."

"एकशे साठ आहे वरचं. ज्यांना बाळंतपणात असं झालेलं असतं त्यांना पुढे बीपीचा, हृदयाचा धोका जास्त असतो. तुम्हाला कुणीतरी दरवर्षी तपासायला हवं होतं." त्यांनी ओळखीच्या फिजिशियनचं नाव एका कागदावर लिहून दिलं. "सुनेची काळजी घ्यायला राहताय ना? मग आधी स्वतःची गोळी सुरू करा."

*

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये दिवस बरे गेले. उत्कर्षा सकाळी मीटिंग उरकायची, कुसुम भाजी निवडायची, दुपारी दोघी एकमेकींना मशीन लावायच्या. उत्कर्षा सासूला मोबाइलवर यवतमाळची माणसं दाखवायची. कुसुम तिला शिवण्याच्या गोष्टी सांगायची, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात यायचं की या गोष्टींत आपण आहोतच कुठे. सगळ्या लोकांच्या गोष्टी.

आप्पासाहेब रोज फोन करायचे. "जेवलीस का?" "जेवले." "गोळी घेतली का?" "घेतली." याच्या पुढे संभाषण सरकत नसे. एकदा ते म्हणाले, "घर खायला उठतं." कुसुम म्हणाली, "हां," आणि फोन ठेवला. तिला त्यांचा राग येत होता असंही नव्हतं. राग आला असता तर तो एक दिवस उतरला असता. हे काहीतरी वेगळं होतं. आपल्याला जे माहीत नव्हतं ते दुसऱ्याच्या खिशात इतकी वर्षं पडून होतं, आणि त्याला त्याचं ओझंही झालं नव्हतं, याचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

आठवा महिना लागला. एका दुपारी कुसुम ताकाचा पेला घेऊन आत गेली, तर उत्कर्षा लॅपटॉपसमोर डोळ्यांवर तळवे दाबून बसली होती.

"डोकं दुखतंय?"

"स्क्रीनमुळे असेल. सकाळपासून आहे."

"सकाळपासनं? आन् काय होतंय?"

"अ‍ॅसिडिटी झालीये थोडी. इथे दुखतंय." तिने बरगडीखाली हात ठेवला. "पोहे नडले बहुतेक."

कुसुमने ताक बाजूला ठेवलं आणि मशीन आणलं. आकडा आला एकशे अठ्ठावन्न, खालचा एकशे चार. आदल्या दिवसापर्यंत तो कधी एवढा चढला नव्हता.

"सेल उतरलेत मशीनचे," उत्कर्षा म्हणाली. "एवढं कसं येईल? चारला माझा डेमो आहे, आई. तो झाला की परत घेऊ. पाच वाजता."

तिला सगळं माहीत होतं. कोणती लक्षणं, कोणता आकडा, काय करायचं, ती कुणालाही समजावून सांगू शकली असती. पण स्वतःच्या बाबतीत मात्र ती एकेका गोष्टीला एकेक कारण शोधून बाजूला सारत होती. डोक्याला स्क्रीन, पोटाला पोहे, आकड्याला सेल.

कुसुमने वाद घातला नाही. पट्टा सुनेच्या दंडावरून काढला, स्वतःच्या दंडाला बांधला आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. गोळी सुरू झाल्यापासून तिचं रोज साधारण एवढंच येत होतं.

"माझं तर बरूबर दावतंय," ती म्हणाली.

उत्कर्षाने आकड्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटला. डॉक्टरांना फोन लावला. डॉ. आगाशेंनी दोनच प्रश्न विचारले आणि "निघा" म्हणाल्या.

पृथ्वीराज चाकणला होता. तो तिथून निघाला. या दोघी कॅबने निघाल्या. कर्वे रस्त्यावर सिग्नलमागून सिग्नल लागत होते. उत्कर्षा डोळे मिटून बसली होती. कुसुम तिच्या हातावरून हात फिरवत होती आणि तिला सतत बोलतं ठेवत होती. पोरीचं नाव काय ठेवायचं, पोराचं काय, यवतमाळला उन्हाळ्यात गच्चीवर झोपतात का. उत्कर्षाचं उत्तर आलं की तिला धीर यायचा.

*

हॉस्पिटलमध्ये सगळं झपाट्याने झालं. लघवीत प्रथिनं उतरली होती, बीपी आणखी वर गेलं होतं. झटके येऊ नयेत म्हणून सलाईनमधून मॅग्नेशियम सुरू केलं. खोलीतले दिवे मंद केले. औषधाने उत्कर्षाचं अंग गरम झालं, जीभ जड झाली, ती अर्धवट गुंगीत गेली.

कुसुम पलंगाजवळच्या स्टुलावर बसून राहिली. तिची नजर सुनेच्या जबड्यावर, बोटांवर, पापण्यांवर फिरत होती. नर्स येऊन औषध जास्त होत नाही ना हे गुडघ्यावर हातोडी मारून बघायची, बीपी बघायची, जायची. झटका कसा येतो ते कुसुमने कधी पाहिलं नव्हतं. स्वतःचा तिला आठवत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाचा बघायची वेळ आली नव्हती. आता तो येईल, मग येईल, असं वाटत ती बसली होती. तो आला नाही. उत्कर्षा एकदा डोळे उघडून म्हणाली, "पाणी." तेवढंच.

आपल्यालाही असंच कुणीतरी अंधाऱ्या खोलीत वाचवलं असणार, असं कुसुमच्या मनात आलं. कुणीतरी आपली बोटं, पापण्या बघत बसलं असणार. त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

पृथ्वीराज आला, आणि मग तिला बाहेर जाऊन काहीतरी खाऊन यायला सांगण्यात आलं. मुलाने कळवल्यावर आलेले आप्पासाहेब बाहेर बाकावर बसले होते. मांडीवर डबा.

"पिठलं-भात हाय. मीच केलाय," ते म्हणाले.

ती शेजारी बसली. डबा उघडला नाही.

"तुझ्या वेळी ससूनला असलं बाक-बिक काय न्हवतं," आप्पासाहेब म्हणाले. "जिन्याखाली सतरंजी टाकून पडलो व्हतो मी. डाक्टर पोरगाच व्हता, माझ्याच वयाचा. सकाळी येऊन म्हणला, वाचली तुमची बायको. मी रडलो व्हतो."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग घरी आल्यावर का न्हाई सांगितलं?"

"आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी व्हती. मागं देवऋषी. समदी आळी जमलेली. म्या म्हणलं, उद्या सांगू."

"कवा उजाडला तो उद्या?"

आप्पासाहेबांनी काही कारण पुढे केलं नाही, आणि तिलाही ते नको होतं. तिने डबा उघडला. पिठलं खारट झालं होतं. बीपीवाल्या बाईला चालण्यासारखं नव्हतंच. तिने नुसता भात खाल्ला.

दोन दिवस औषधांवर काढल्यावर डॉ. आगाशेंनी सिझेरियनचा निर्णय घेतला. आणखी थांबलं तर बाळापेक्षा आईला धोका, त्या म्हणाल्या. मुलगी झाली. वजन पावणेदोन किलोच्या आत. ती रडली, पण तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. उत्कर्षाचं बीपी लगेच उतरलं नाही. बाळ झालं म्हणजे सुटलो असं नसतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून कुणी गाफील राहिलं नाही. पेटीतल्या मुलीला पहिल्यांदा बघायला उत्कर्षा चाकाच्या खुर्चीतून गेली. कुसुमने खुर्ची ढकलली.

"एवढीशी आहे," उत्कर्षा म्हणाली आणि रडायला लागली. "मी अजून थोडं धरायला हवं होतं तिला."

"आसलं बोलायचं न्हाई," कुसुम म्हणाली. ती एवढ्या जोरात बोलली की नर्सने वळून पाहिलं. "तुझं काय चुकलेलं न्हाई. ऐकलंस? आज ऐकून ठेव. नंतर कुणी काय बी म्हणू दे."

*

मुलगी महिन्याभराने घरी आली आणि वजन धरायला लागली, तेव्हा बारसं शिवण्याला केलं. फार माणसं नव्हती. यवतमाळहून उत्कर्षाचे आईवडील आले होते, भावकीतल्या बायका होत्या, आणि ऐंशीच्या घरातली आनंदीआक्का पाळण्याशेजारी खुर्चीत होती.

"नाकडोळे चांगले हायत," आक्का पाळण्यात वाकून म्हणाली. मग शेजारणीकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "आजीचा रोग उचलला न्हाई म्हंजी मिळवलं."

पृथ्वीराज पुढे सरकला होता, पण त्याच्या आधी आप्पासाहेबांचा आवाज आला. ते दारापाशी पेढ्यांचा खोका घेऊन उभे होते.

"आक्का, तिला रोग नव्हता."

"काय?"

"फेफरं न्हवतं. बाळंतपणातलं बीपी व्हतं ते. ससूनच्या डाक्टरनं तवाच सांगितलेलं. मला म्हाईत व्हतं. म्या बोललो न्हाई." त्यांचा आवाज नीट लागत नव्हता. "आता पुन्हा कुणी तसं म्हणायचं न्हाई."

आक्का काहीतरी पुटपुटली. कुणीतरी घाईने पाळणा म्हणायला सुरुवात केली. मुलीचं नाव शेफाली ठेवलं.

कुसुम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. हे शब्द ऐकले की काहीतरी मोठं होईल, असं तिला इतके दिवस वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. ज्यांनी ते ऐकायला हवे होते त्यातल्या निम्म्या बायका आता नव्हत्या. सासू नव्हती. तिचे स्वतःचे आईवडील, ज्यांच्यावर रोग लपवल्याचा ठपका आला, तेही नव्हते. तरी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. तिच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या, खेटून, आणि पाळणा हलवायला तिला पुढे ढकलत होत्या.

त्या दिवसापासून ती शिवण्याला राहायला परत आली असं नाही. उत्कर्षाची रजा संपेपर्यंत ती कोथरूडलाच होती. आप्पासाहेब एक दिवसाआड बसने यायचे, नातीला मांडीवर घेऊन बसायचे, आणि कधी कधी कुसुम त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला जायची. दोघं फार बोलत नसत. पण चालताना ते आता तिच्यापुढे चार पावलं नसायचे.

बाळंतपणाला तीन महिने झाल्यावर डॉ. आगाशेंनी उत्कर्षाला तपासलं. बीपी गोळीशिवाय ठीक राहत होतं.

"छान. पण सुटका नाही. दरवर्षी यायचं, आयुष्यभर. सासू-सून दोघींनी मिळून या, तेवढीच माझी करमणूक."

दोघी बाहेर आल्या. शेफाली कुसुमच्या खांद्यावर झोपली होती. रिक्षाची वाट बघत असताना उत्कर्षा म्हणाली, "आई, हिलाही उद्या हेच विचारतील ना? तुमच्या आईला झालं होतं का, आजीला झालं होतं का?"

"इचारतील की."

"मग हिला कधी सांगायचं?"

कुसुमने नातीच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं.

"कळायला लागली की सांगू. मीच सांगते."

रिक्षा आली. त्या बसल्या आणि कोथरूड म्हणाल्या.